डावीकडचा आवाज

मधुभाऊंच्या घरी ऐकायला गेलं की पहिल्यांदा कूलर बंद व्हायचा. मग पंखा. मग ते उठून स्वयंपाकघरात जात आणि फ्रीजचं बटण बंद करून येत. आर्वीतला मे महिना, बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि आम्ही तीन-चार जण बैठकीत घामानं निथळत बसलेलो. मधुभाऊ दाराच्या फटीला टॉवेल लावत, खिडकीची सांद वर्तमानपत्रानं बुजवत आणि मग आमच्याकडे एकदा बघून म्हणत, "श्वास घ्या जी, माही ना नाई. पन हळू घ्या."

आम्ही हसायचो. ते हसत नसत. त्यांना खरोखरच श्वासाचा अडथळा व्हायचा.

मुख्य रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळचं. मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं भाड्याचं घर त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत. नवा संसार होता, म्हणून एका संध्याकाळी मी आणि माझी बायको पाण्यासाठी पितळी गुंड घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. बायकोनं एक गुंड पसंत केला. मधुभाऊंनी तो उचलला, कानाशी नेला, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि परत खाली ठेवला.

"हा नका घेऊ. याले चीर हाये."

आम्ही गुंड फिरवून फिरवून पाहिला. कुठंच काही नव्हतं.

"दिसनार नाई. ऐका." त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग शेजारचा दुसरा गुंड उचलून त्यालाही मारली. मला दोन्ही सारखेच वाटले. मधुभाऊ मात्र दुसऱ्या गुंडाकडे मान कलती करून बघत राहिले, जसं एखादं माणूस वळणापर्यंत दिसत राहतं आणि आपण त्याच्याकडे बघत राहतो तसं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता गेला. आवाज येते कसा, ते कोनीबी सांगते सर. जाते कसा ते पाहाव."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढं मी ते इतक्यांदा ऐकलं की कॉलेजात तास संपल्याची घंटा झाली की मीसुद्धा ती कशी जाते हे बघायला लागलो.

उंच, किंचित वाकलेले, पांढरा सदरा आणि पायजमा, खिशाला पेन नाही पण एक मऊ पिवळं फडकं कायम. भांडं दाखवताना बोटांचे ठसे पुसायला ते लागायचं. पुढं त्याच फडक्यानं ते डिस्क पुसायला लागले. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं उघड सांगत. आमच्यातले एक होमिओपॅथीचे डॉक्टर गाण्याचे जाणकार होते. त्यांनी एकदा "हा कोणता राग, सांगा बरं मधुभाऊ," असं विचारलं तर ते म्हणाले, "राग-गिग मले नाई समजत डॉक्टर. पन हे तबल्याची शाई वाळलेली हाये, एवढं समजून राह्यलं."

त्या काळात त्यांच्याकडे कॅसेटचा डेक होता, नंतर नागपूरहून आणलेला सीडी प्लेअर आला. बैठकीत छताच्या कड्यांना साखळ्यांनी टांगलेली सागवानी बंगई होती. तिच्यावर त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, झुलत बसायच्या. ऐकणं चालू असताना त्या तूर निवडत, मेथी खुडत आणि मुख्य म्हणजे बोलत. कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कुणाच्या घरी काय शिजलं. बंगईच्या कड्या कुरकुरत असायच्या त्या वेगळ्याच.

"अवं, गप बस ना दोन मिन्टं."

"काऊन? तुमची सीडी काय झिजून जाते माह्या बोलन्यानं? तेच ते ऐकता. कालचंच तर हाये."

"काल या कोपऱ्यात ठेवून ऐकलं. आज त्या कोपऱ्यात हाये."

"मंग उद्या छतावर ठेवजा," असं म्हणून त्या पायानं बंगईला अजून एक झोका द्यायच्या. ती कुरकुर ऐकली की मधुभाऊ डोळे मिटून घेत. चिडल्यासारखं तोंड करत, पण ऐकणं बंद करून कधी उठले नाहीत, आणि वहिनींना 'ऊठ'ही म्हणाले नाहीत.

वर्षा ही त्यांची एकुलती मुलगी. ती शिकली, तिचं लग्न झालं आणि जावयाच्या नोकरीपायी ती अमेरिकेला गेली. तिला दिवस गेले तेव्हा कुसुमवहिनी बाळंतपणाला म्हणून निघाल्या. सहा महिन्यांचा बेत होता. जाताना त्यांनी तिखट, मसाला, कुरड्या सगळं डब्यात भरून ठेवलं, माझ्या बायकोला "यांच्याकडं ध्यान ठेवजो" म्हणून बजावलं आणि गेल्या. सहा महिन्यांनी वर्षाची नोकरी सुरू झाली, बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं, मुक्काम वाढला. मग मध्ये थोडं येऊन परत जाणं. मग दुसऱ्या बाळाची चाहूल.

मधुभाऊ स्वतः एकदा जाऊन आले. महिन्याच्या आतच परतले. मी विचारलं, "का हो, करमलं नाही?"

"करमाचं काय? सारे कामावर जात. लेकरू झोपलं की कुसुम बी झोपे. मंग दिवसभर मी न खिडकी." मग म्हणाले, "तिथं शांतता लय चांगली हाये हो सर. ऐकाले फस क्लास. पन ऐकाले काईच नाई."

रविवारी सकाळी फोन यायचा. ते अर्धा तास आधीपासून फोनजवळ बसलेले असत. रिसिव्हर उजव्या कानाला घट्ट दाबून धरायचे. एकदा मी समोर असताना वैतागून म्हणाले, "फोनात तिचा 'स' येत नाई. 'सकाळी' म्हनते, तर मले 'फकाळी' ऐकू येते. वरचा आवाज सारा कापून टाकते हा फोन. अर्धी बाई येते इकडं."

वर्षाला बापाचा स्वभाव माहीत होता. आई आपण ठेवून घेतली ही टोचणीही असावी. तिनं नागपूरकडं येणाऱ्या कुणाकुणाच्या हाती वस्तू पाठवायला सुरुवात केली. आधी एक प्लेअर आला. मग दुसरा. मग डिस्क यायला लागल्या.

त्या वर्षांत परदेशात नव्या दोन डिस्कची चुरस लागली होती. दिसायला दोन्ही साध्या सीडीसारख्याच. एक सुपर ऑडिओ सीडी, तिला मधुभाऊ नुसतं 'सुपर' म्हणत. दुसरी डीव्हीडी-ऑडिओ, ती 'डीव्हीडीवाली'. साधी सीडी एका सेकंदाच्या आवाजाचे चव्वेचाळीस हजार तुकडे करून साठवते. डीव्हीडीवाली त्याच्या दुपटीहून जास्त, कधी चौपटीहूनही जास्त तुकडे करते, आणि प्रत्येक तुकडा अधिक बारकाईनं मोजते. सुपरची रीतच वेगळी. ती एका वेळी मोजते फार थोडं, पण सेकंदाला लाखो वेळा मोजते. दोन्ही काढणाऱ्यांचा दावा एकच होता, की साध्या सीडीत जे हरवतं ते आमच्यात सापडतं. हिची डिस्क तिच्या यंत्रात चालायची नाही. जगानं कुठली घ्यायची हे अजून ठरायचं होतं, आणि आर्वीत ते ठरवायची जबाबदारी मधुभाऊंनी आपल्या अंगावर घेतली होती.

एकच रेकॉर्डिंग दोन्ही प्रकारांत असलेल्या डिस्क त्यांनी वर्षाला शोधायला लावल्या. त्यातली एक कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाची होती. तिच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि एक छोटी धातूची तिकोनी घंटी एकदाच वाजते. मधुभाऊ सगळा वाद्यवृंद त्या घंटीसाठी सहन करायचे.

"डीव्हीडीवाली पाहा. नवं स्टील हाये. झकपक. सारं दिसते, कुठं काय लपलं नाई." मग दुसऱ्या यंत्राकडं वळून, "सुपर म्हंजे पितळ, चिंचेनं घासलेलं. चमकते कमी, पन घंटी जाते तवा डोळ्यासमोरून जाते."

डॉक्टर म्हणायचे, "मला तर दोन्ही घंट्या एकच वाटतात."

"तुमी गोळ्या बी साऱ्या सारख्याच देता," मधुभाऊ म्हणायचे.

एका रविवारी डॉक्टरांनीच डाव टाकला. सुपरच्या काही डिस्क दुहेरी असायच्या. एका थरात साधी सीडी, दुसऱ्या थरात नवा आवाज. डॉक्टर म्हणाले, "सर पडद्याआड बसतील. कधी हा थर लावतील, कधी तो. तुम्ही न बघता सांगा कुठला कुठला." मधुभाऊ लगेच तयार झाले. मी यंत्राजवळ पडद्यामागं बसलो. ते आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसले.

मी एक लावला. मग दुसरा. मग परत पहिला.

"पहिला," मधुभाऊ ठामपणे म्हणाले. "पहिला सुपर. इचाराचं कामच नाई. घंटी कशी मोकळी झाली."

मी पडदा बाजूला केला. "मधुभाऊ, पहिली साधी सीडी होती."

डॉक्टर टाळ्या पिटून हसले. कापसाचं जिनिंग चालवणारे एक मित्र असायचे, त्यांनी तर कूलर लावूनच टाकला. मधुभाऊंचा चेहरा पडला होता असं नाही. टिचकी मारल्यावर भांड्यानं अनपेक्षित आवाज दिला की ते जसे थबकत, तसे थबकले होते.

त्यांनी तो विषय सोडला नाही. वर्षाकडून आवाजाचा जोर मोजायचं लहानसं यंत्र मागवलं. ते आल्यावर तपासलं, तर त्या डिस्कवर साधी सीडी सुपरपेक्षा जराशी मोठ्यानं वाजत होती. एवढंच. ते सकाळीच आमच्या दारात उभे राहिले. "सर, मोठं वाजलं म्हनून चांगलं वाटलं! मी गिऱ्हाइकाले हेच तर नाई करत का? जाड भांडं हातात देतो, तो म्हनते चांगलं हाये." तेव्हापासून दोन्हींचा जोर यंत्रानं मोजून सारखा केल्याशिवाय त्यांनी एकही तुलना केली नाही. आणि नवं कुणी ऐकायला आलं की आधी आपल्या फजितीची गोष्ट सांगायचे. सांगताना डॉक्टरांच्या टाळ्याही वाजवून दाखवायचे.

नवं कुणी येणं मात्र कमी होत गेलं. डॉक्टरांच्या मुलानं नागपूरला घर घेतलं, ते तिकडं गेले. जिनिंगवाल्यांना हंगामात वेळ नसायचा, हंगाम संपला की उकाडा सहन व्हायचा नाही. भारनियमनाचं वेळापत्रक दर आठवड्याला बदले. मी जात राहिलो. मला फरक कळत होता असं नाही. खरं सांगायचं तर फार वेळा कळत नव्हता आणि मी तसं सांगत असे. त्यावर ते रागावत नसत. "तुमी खोटं नाई बोलत, हे बरं हाये," म्हणत आणि चहा टाकायला उठत. चहा त्यांना धड जमत नव्हता. साखर आधी की पत्ती आधी, हे दर वेळी ठरवायचे.

घरही बदलत गेलं. बैठकीतली बंगई त्यांनी काढली. कड्या कुरकुरतात म्हणून, आणि सागवानी पाटावरून आवाज परततो म्हणूनही. सोफा माजघरात गेला. भिंतींवर जाड सतरंज्या आल्या. दोन्ही स्पीकर समोर आणि त्यांच्यापासून सारख्याच अंतरावर, बरोबर मधोमध, एक वेताची खुर्ची. जमिनीवर तिच्या चारी पायांच्या खुणा खडूनं आखलेल्या. त्या जागेवरून डोळे मिटले की वाजवणारी माणसं समोर पसरलेली दिसत. हे मलाही दिसायचं. डावीकडं कुणी, उजवीकडं कुणी, मधोमध कुणी. खुर्ची हातभर सरकली की ती सगळी एका कोपऱ्यात गोळा व्हायची.

मधल्या काळात कुसुमवहिनी दोन महिन्यांसाठी आल्या. आम्ही नवराबायको भेटायला गेलो तेव्हा त्या नुकत्याच पोचल्या होत्या. बॅगा दारातच होत्या. वहिनी बैठकीच्या मधोमध उभ्या राहून वर छताकडं बघत होत्या. तिथं नुसत्या कड्या होत्या. मग त्यांनी भिंतीवरच्या सतरंज्या पाहिल्या, स्पीकर पाहिले, खुर्ची पाहिली.

"मी कुठं बसू जी?"

त्या भांडत नव्हत्या. लांबच्या प्रवासानं पाय दुखत होते आणि त्यांना खरंच बसायचं होतं.

मधुभाऊ गोंधळले. आत धावत जाऊन एक खुर्ची घेऊन आले. ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना. वेताच्या खुर्चीच्या मागं ठेवली, उचलली, बाजूला ठेवली. मग वेताची खुर्चीच खडूच्या खुणांवरून उचलून सरकवली आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. मधली जागा मोकळी राहिली. वहिनी होत्या तोवर ते तसंच बसून ऐकत. त्या जागेवरून त्यांना धड ऐकू येत नव्हतं हे आम्हां दोघांना माहीत होतं. त्यांनी तक्रार केली नाही. वहिनी बोलल्या तरी गप्प बस म्हणाले नाहीत.

त्या गेल्यावर पुढल्या रविवारी मी गेलो. खुर्ची परत खडूच्या खुणांवर होती. दुसरी खुर्चीही तिथंच होती, भिंतीला लावलेली. तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

मग माझी वर्ध्याला बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. मी म्हणालो, "आता पडद्यामागं कोण बसणार तुमच्या?" ते म्हणाले, "त्याची सोय केली मी." आणि त्यांनी ती करून दाखवली. दोन्ही यंत्रांत एकाच रेकॉर्डिंगच्या दोन डिस्क घातल्या. दोन हातांनी दोन्हींची बटणं एकाच क्षणी दाबली. मग डोळे मिटून, कुठला आवाज लावायचा ते निवडणारं बटण इतक्या वेळा मागं-पुढं फिरवलं, की आपण कुठल्यावर थांबलो हे त्यांना स्वतःलाच कळू नये. तसेच डोळे मिटून, हातानं चाचपत ते खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. वाजून झाल्यावर म्हणाले, "सुपर." मग उठून, डोळे उघडून बटण पाहिलं. "हाव. सुपरच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शाबासकी द्यायला मी होतो, म्हणून मी दिली. उद्यापासून हे असं रोज होईल, आणि बटण बघून झाल्यावर ते कुणाकडं बघतील, हा विचार बसमध्ये बसेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

वर्ध्याला गेल्यावर फोनवर बोलणं व्हायचं. दोन्ही डिस्कचं काही खरं नाही, असं वर्षा त्यांना सांगत होती. तिकडच्या दुकानांतून त्या कमी व्हायला लागल्या होत्या. लोक आता आवाज दाबून-चेपून लहान करून मोबाइलवर, कानात बोंडं घालून ऐकत होते. "दोघंही हरून राह्यले सर," मधुभाऊ म्हणाले. "आपला निकाल लागाच्या आधीच."

एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा जपून येत होता.

"सर, एकदा येता का? डावा स्पीकर बिघडल्यावानी वाटते."

"मेकॅनिकला दाखवला?"

"तुमी या ना. तुमी ऐका एकदा."

दुसऱ्याच दिवशी सुटी होती. सकाळच्या बसनं आर्वी गाठली. मधुभाऊंनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता. सर्दी झाली होती म्हणाले, कान भरल्यासारखा वाटत होता, वाफ घेणं चालू होतं. पण त्यांना सर्दीबद्दल बोलायचं नव्हतं.

"तारा अदलाबदल करून पाह्यल्या. याची त्याले, त्याची याले. मंग स्पीकरच उचलून इकडचा तिकडं ठेवला. अम्प्लीफायर बी उघडला. तरी सारं उजवीकडूनच येते. डावीकडं कोनी नाई."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. पंधरवडा असन."

त्यांनी मला वेताच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मला त्यांनी क्वचितच बसू दिलं होतं. वाद्यवृंदाची डिस्क लावली आणि ते माझ्या समोर उभे राहिले, यंत्राकडं पाठ करून, माझ्या तोंडाकडं बघत.

वाद्यं सुरू झाली. डावीकडं व्हायोलिनं होती, नेहमीच्या जागी. उजवीकडं जाड आवाजाची तंतुवाद्यं. मधोमध बासरीसारखं काहीतरी. सगळे जिथल्या तिथं होते. इतकं स्वच्छ मी त्या घरात पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. काय सांगावं लागणार हे मला कळत होतं. घंटी वाजली आणि गेली.

"डावा वाजते?" त्यांनी विचारलं.

"वाजतो मधुभाऊ. दोन्ही वाजतात."

"नीट ऐकलं?"

"नीट ऐकलं."

त्यांनी मान हलवली. यंत्र बंद केलं, डिस्क काढली, खिशातल्या फडक्यानं पुसून डबीत ठेवली. मग खिडकीच्या कडेवर बसले.

"मले समजलंच होतं," ते म्हणाले. "स्पीकर बदलला तवाच समजलं. पन म्हनलं, कोनीतरी दुसऱ्यानं ऐकाव. घरात दुसरं मानूस असतं, तर पहिल्याच दिवशी म्हनलं असतं ना, मले तर येते ऐकू, तुमालेच काऊन नाई येत?"

त्याच दुपारी मी त्यांना वर्ध्याला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सर्दीचा काही संबंध नव्हता. डाव्या कानाची आतली नस एकाएकी बसली होती. असं होतं कधी कधी, म्हणाले, कारण सापडत नाही. औषधं लिहून दिली, पण जास्त आशा ठेवू नका म्हणाले. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी असती. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का?

मधुभाऊ म्हणाले, "स्पीकर पाहत होतो."

डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

औषधांनी फरक पडला नाही. अमेरिकेत कळवू नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. फोन ते उजव्या कानालाच लावत, त्यामुळं तिकडं कळायचं कारण नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं. कुसुमवहिनींनी फोनवर "मी येते" म्हटल्यावर हे म्हणाले, "कशाले? येऊन काय माहा कान होशीन?" फोन ठेवल्यावर त्यांना फार वाईट वाटलं असावं, कारण लगेच मला वर्ध्याला फोन करून ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "असं बोलाले नाई पाह्यजे होतं," म्हणाले.

वहिनी तरीही आल्या. गुडघे दुखत होते, दोन नातवंडं मागं ठेवून आल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा बैठकीत पाय ठेवला आणि थांबलो. कड्यांना बंगई टांगलेली होती. भिंतींवरच्या सतरंज्या गेल्या होत्या. जमिनीवरचे खडूचे डाग पुसले गेले होते. कूलरचे दिवस नव्हते, पण पंखा चालू होता, फ्रीज घुरघुरत होता. दोघं बंगईवर बसली होती. मधुभाऊ डावीकडं, वहिनी उजवीकडं, म्हणजे त्यांचा चांगला कान वहिनींच्या बाजूला यावा अशी. समोर डिस्क वाजत होती आणि वहिनी बोलत होत्या. कुठल्याशा शेजारणीच्या सुनेची गोष्ट होती. मधुभाऊ हुंकार देत होते.

"आता कुठंबी बसलं तरी मले सारखंच," मला पाहून ते म्हणाले. "मंग हिले आवडते तिथं बसतो."

चहा वहिनींनी केला, चांगला होता. त्या आत गेल्यावर मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं. "मधुभाऊ, शेवटी निकाल काय? सुपर की डीव्हीडीवाली?"

ते यंत्रांकडं वळले.

"खरं सांगू सर? फरक होता. मी काई येडा नव्हतो. पन लय बारीक. ज्यानं रेकॉर्डिंग केलं, त्यानं माईक कुठं ठेवला, किती जीव लावून ठेवला, तो फरक मोठा होता. चांगल्या मानसानं केलेली साधी सीडी या दोघींले बी भारी पडे." मग आवाज बारीक करून म्हणाले, "मले हे केव्हाचंच समजलं होतं. पन सांगितलं असतं, तर वर्षानं डिस्क पाठवनं बंद केलं असतं ना. प्रत्येक डिस्कसोबत कोनीतरी येत होतं इकडं. तिले भेटून आलेलं मानूस असे ते. त्याले बसवून मी इचारे, कशी दिसते, बारीक झाली का, लेकरं काय म्हनतात."

आतून वहिनींनी काहीतरी विचारलं. मधुभाऊंनी मान वर केली, आधी दाराकडं, मग खिडकीकडं बघितलं. "आवाज येते," ते मला म्हणाले, "कुठून येते ते नाई समजत. घरात हाक मारली तरी शोधा लागते तिले."

वहिनी अडीच-तीन महिने राहिल्या. त्यांनी नवऱ्याला सोबत चला म्हणून खूप विनवलं. ते "पाहू" म्हणत राहिले. तिकडं वर्षाची सुटी संपली होती, लहान नातवाचं दुखणं निघालं. वहिनी परत निघाल्या. नागपूरपर्यंत मधुभाऊ पोचवायला जाणार असल्याचं मला फोनवर कळलं होतं.

त्याच आठवड्यात मी बोर्डाचे पेपर तपासायला अमरावतीला निघालो होतो. बस तळेगावला थांबली. आर्वीकडं जाणारा रस्ता तिथंच फुटतो, नागपूरहून आलेली माणसं तिथं उतरून आर्वीची गाडी धरतात. उन्हं कलायला आली होती. मी खिडकीत बसलो होतो. पलीकडं चहाच्या टपरीजवळ मधुभाऊ उभे दिसले. पांढरा सदरा, हातात रिकामी कापडी पिशवी. भोवती बाजारातून परतणारी माणसं, ट्रक, हॉर्न. त्यांचं कशाकडंच लक्ष नव्हतं.

मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "मधुभाऊ!"

त्यांना ऐकू गेलं. चेहरा एकदम उजळला. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडं नाही, उलट्या बाजूला, नागपूरच्या रस्त्याकडं. तिथं कुणी नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, जोरात. ते अजून थोडे वळले, त्याच बाजूला, दोन पावलं पुढं गेले आणि हात कपाळावर धरून बघायला लागले. आमच्या कंडक्टरनं घंटी दिली, चालकानं गियर टाकला. मी ओरडत होतो, "इकडं! मधुभाऊ, इकडं!" कंडक्टर म्हणाला, "डोकं आत घ्या साहेब."

गाडी हलली. मागं वळून पाहिलं तेव्हा मधुभाऊंनी हात वर केला होता आणि हसून त्या रिकाम्या रस्त्याला ते ओळख देत होते.